शेगडीतला निळा जाळ

(हीरक महोत्सवी विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी हैदराबाद येथे मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मी मराठीची शिक्षिका. विज्ञान प्रदर्शनात मी काय बोलावे, हा प्रश्न मलाही पडला होता. परंतु आठवीतल्या एका मुलाने केलेली ‘कोळशाचे वायूकरण’ ही प्रतिकृती पाहताना एक जुनी आठवण जागी झाली.

माझ्या लहानपणी आत्याच्या बाळंतपणात, श्रावणातल्या गारठ्यात, दारे-खिडक्या लावून खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवली होती. निखाऱ्यांवर निळा जाळ खेळत होता. पहाटे आत्या हाकेला ओ देईना. वडिलांनी तिला आणि बाळाला उचलून ओसरीवर आणले. मोकळ्या हवेत दोघेही सावरली. ‘धूर लागला’ असे सारे म्हणाले. धूर तर कोणालाच दिसला नव्हता! अपुऱ्या हवेत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला विषारी वायू सोडतो, हे मला कितीतरी वर्षांनी कळले.

हाच वायू बंदिस्त पात्रात, नियंत्रणाखाली निर्माण केला, तर तो देशाच्या उपयोगी पडतो. कोळसा पुरता न जाळता, मोजका प्राणवायू आणि वाफ देऊन अतिशय तापवला, की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण मिळते. ते शुद्ध करून त्यापासून वीज, मिथेनॉल किंवा युरिया निर्माण करता येतो. लोहखनिजापासून लोखंड करण्यासही ते चालते.

आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आणि नैसर्गिक वायूपैकी सुमारे निम्मा परदेशातून येतो. कोळसा मात्र आपल्या भूमीत विपुल आहे. म्हणूनच २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाच्या वायूकरणाचे उद्दिष्ट ठरले असून, जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली.

वाट मात्र सोपी नाही. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी आपल्या तेलंगणात रामगुंडमजवळून वाहते. तेथे १९८० पासून कोळशाच्या वायूवर युरिया तयार होई. वीजटंचाई आणि यंत्रांतील अडचणी यांनी जेरीस आलेला तो कारखाना १९९९ मध्ये बंद पडला. २०२१ मध्ये त्याच जागी नवा कारखाना उभा राहिला, तो नैसर्गिक वायूवर चालणारा. भोवताली सिंगरेणीच्या खाणी असूनही! आपल्या कोळशात राख फार, ही मोठी अडचण. तरीही अशाच राखाळ कोळशापासून मिथेनॉल काढणारा छोटा प्रायोगिक प्रकल्प आपल्याच हैदराबादेत भेलच्या संशोधन केंद्रात उभारला गेला.

आणखी एक सत्य मुलांपासून लपवू नये. वायूकरणातही कार्बन डायऑक्साइड भरपूर निघतो. तो पकडून साठवला नाही, तर आयात कमी होईल, पण हवेवरचा भार कमी होणार नाही. पाणीही पुष्कळ लागते. देशाची गरज आणि पुढच्या पिढीची हवा, दोन्ही तोलून निर्णय घ्यावे लागतील. आणि ते आज येथे बसलेल्या मुलांनाच घ्यावे लागतील.

ही प्रतिकृती करणाऱ्या मुलाचे पालक गेल्या आठवड्यात मला भेटले. ‘बाई, विज्ञान मराठीतून कसे झेपणार? पुढील वर्षी शाळा बदलावी म्हणतो,’ ते म्हणाले. त्यांची काळजी खरी आहे. मी तिला हसत नाही. इंग्रजी मुलांना यायलाच हवी आणि ती आम्ही शिकवू. पण आमच्या घरात त्या रात्री निळ्या जाळाचा अर्थ आमच्या भाषेत सांगणारे कोणी असते, तर एक खिडकी उघडी राहिली असती. आत्या दैवाने वाचली. ज्ञान घराच्या भाषेत पोहोचले, की दैवावर विसंबावे लागत नाही.

म्हणून त्या पालकांना एवढीच विनंती : निर्णय अवश्य घ्या, त्याआधी पाच मिनिटे आपल्या मुलाच्या टेबलापाशी उभे राहा आणि तो काय सांगतो आहे, ते ऐका.