कापरेकरांची वजाबाकी



माझे गणित पगारपत्रके तपासताना झालेले. मॅट्रिकच्या मुलांना मी एक कोडे नेहमी घालतो. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांना ते १९४९ साली गवसले. चार आकडी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते मांडून त्यांतून चढते वजा करा. उत्तर तीन आकडी आले तर आधी शून्य मांडा. पुन्हा तेच करा. १९४९ च घ्या: ९९४१ उणे १४९९, म्हणजे ८४४२. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. पुढे ६१७४ हलत नाही.

दहा संख्या तपासून मुले म्हणतात, सिद्ध झाले. छे! सभेत दहा हात वर झाले म्हणजे संप ठरला काय? पण हजारो वजाबाक्या करणे ही वेठबिगार झाली. उतरते अंक क, ख, ग, घ धरा. वजाबाकी येते ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग). पहिला फरक १ ते ९. दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याइतका. म्हणून २ + ३ असे १० पर्यंत, एकूण ५४ च उत्तरे संभवतात! तेवढी तपासायला एक संध्याकाळ पुरे. सात वजाबाक्यांपलीकडे कोणतीच संख्या जात नाही.

पाच आकड्यांत मात्र असा स्थिर आकडा नाही. तिथे संख्या चक्रात फिरतात. ती चक्रे आता तुम्ही शोधा.