कालचा गडी, आजचा गडी



बेंगळूरु शहराच्या पूर्वेस, विमानांच्या जुन्या धावपट्टीला लागून, मारतहळ्ळी नावाची वस्ती आहे. नाव ऐकताच मराठी माणसाचा कान टवकारतो. परंतु कानडीत ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे, आणि ते खेडेही आता नावापुरतेच उरले आहे. रुंद रस्ते आणि संगणकाच्या कचेऱ्या यांच्या वेढ्यात ते केव्हाच शहर होऊन गेले. कोल्हापूर, पुणे, नागपूर, सोलापूर अशा ठिकाणांहून नोकरीसाठी आलेले पुष्कळ मराठी तरुण येथे राहतात. अशा चार तरुणांत फुटबॉलचा विषय निघाला, की चहा गार होतो. पण वाद गार होत नाही.

हा वाद बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतो. पूर्वीचे खेळाडू मोठे की आताचे? संघ सोडून गेलेल्याला जाऊ द्यावयास नको होते काय? आणि हा जो नवा पोरगा घेतला आहे, तो गेलेल्याची जागा भरून काढील काय? मैदानावरचा खेळ नव्वद मिनिटांत संपतो. हा मैदानाबाहेरचा खेळ मात्र बारा महिने चालतो. शहाणीसुरती माणसे याला रिकामपणाचा उद्योग म्हणतात. मला तो तितका रिकामा वाटत नाही.

आपल्या देशातील जुन्या खेळाडूंची चित्रफीत क्वचितच पाहावयास मिळते. गोलांचे आकडे वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत सापडतील. परंतु चेंडू पायाशी असताना तो गडी कसा दिसत असे, हे त्याला पाहिलेल्या माणसाच्या तोंडूनच कळावयाचे. म्हणून प्रेक्षकांच्या गप्पा ही आपल्या फुटबॉलची बखर आहे. बखरीत असतात तसे येथेही अतिशयोक्तीचे अलंकार असतात; पण ते वजा जाता खाली जे उरते ते मोलाचे असते.

बेंगळूरुच्या या बखरीतील पहिले मोठे पान आपल्या मुंबईत लिहिले गेले. मुंबईची रोव्हर्स करंडक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली, आणि पुढे पुष्कळ वर्षे हा करंडक गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. तो प्रथम जिंकणारा भारतीय संघ कलकत्त्याचा नव्हता, मुंबईचाही नव्हता. १९३७ साली ‘बंगलोर मुस्लिम्स’ या संघाने तो जिंकला, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा जिंकून आधीचे यश योगायोगाचे नव्हते हे दाखवून दिले.

पुढे १९४८ साली स्वतंत्र भारताचा संघ लंडनच्या ऑलिंपिकला गेला. बहुतेक गडी अनवाणी खेळले. फ्रान्सविरुद्ध आपण दोनास एक असे हरलो. परंतु तो एक गोल करणारा सारंगपाणी रामन बेंगळूरुचा होता. त्याच संघात बेंगळूरुचाच अहमद खान होता. चेंडूला जणू गारुड्यासारखा खेळविणारा, अशी त्याची ख्याती. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढविले, तेव्हा आपला एकुलता एक गोल त्याने केला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघातही तो होता. मैसूर राज्याच्या संघाने संतोष करंडक १९४६-४७ मध्ये आणि १९५२-५३ मध्ये जिंकला. १९६७-६८ आणि १९६८-६९ अशी लागोपाठ दोन वर्षेही तो जिंकला.

त्या काळी नवा गडी कोठून येई? हलसूर, गौतमपुरा, ऑस्टिन टाउन अशा वस्त्यांमधून तो येई. पायात चमक दिसली की विमानांचा किंवा टेलिफोनचा सरकारी कारखाना त्याला नोकरी देई आणि आपल्या संघात घेई. मारतहळ्ळीच्या शेजारचा विमानांचा कारखाना हा अशाच संघांपैकी एकाचा धनी. खेळाडूला महिन्याचा पगार मिळे, प्रेक्षकाला शेजारचाच मुलगा मैदानावर दिसे. म्हणून जुने लोक म्हणतात, “तेव्हाचे गडी आपले होते, आताचे करारावर आणलेले आहेत.”

हे म्हणणे ऐकावयास गोड आहे. परंतु ते तपासून पाहिले पाहिजे. ज्या अहमद खानाचे नाव हे लोक अभिमानाने घेतात, तो १९४९ साली कलकत्त्यास ईस्ट बंगालकडे गेला आणि तेथे ‘पंचपांडवां’पैकी एक म्हणून गाजला. म्हणजे उत्तम गडी परगावी जाणे हे आजचे नाही. फरक इतकाच, की गेलेल्याबद्दलचा राग काळ पुसून टाकतो आणि अभिमान तेवढा मागे ठेवतो. आजच्या खेळाडूला मात्र ही सवलत मिळत नाही.

आता आपल्या मुंबईच्याच एका खेळाडूचे पाहा. २०१३ साली बेंगळूरु एफसी हा नवा संघ उभा राहिला आणि पहिल्याच मोसमात त्याने आय-लीग जिंकली. या संघाकडे २०१७ साली मुंबईचा राहुल भेके आला. १७ मार्च २०१९ रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना गोव्याच्या संघाविरुद्ध मुंबईतच झाला. जादा वेळही संपत आली असता भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला आणि बेंगळूरुला विजेतेपद मिळाले. पुढे २०२१ साली तो मुंबईच्या संघाकडे गेला, आणि २०२४ साली पुन्हा बेंगळूरुकडे परतला. आता हा गडी कोणाचा म्हणावयाचा? ज्या गावाने त्याला घडविले त्याचा, की ज्या गावासाठी त्याने तो गोल केला त्याचा? मला वाटते, दोघांचाही.

तो मुंबईच्या संघात असतानाच, २०२२ च्या ड्युरँड करंडकाच्या अंतिम सामन्यात बेंगळूरुने मुंबईला हरविले. त्यातील पहिला गोल केला तो तमिळनाडूच्या शिवशक्ती नारायणन या एकवीस वर्षांच्या तरुणाने. गेलेल्याची हळहळ करीत बसलेल्या प्रेक्षकाला नव्याने दिलेले याहून चांगले उत्तर कोणते?

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलचे वेड प्रसिद्ध आहे. तो खेळ निराळा आहे, त्यात चेंडू हातानेही फेकतात. पण प्रेक्षकांच्या गप्पा आपल्यासारख्याच. विद्यार्थी खेळाडू सामान्यतः चारच मोसम खेळणार, म्हणून दरवर्षी निरोप आणि दरवर्षी स्वागत. सतरा वर्षांच्या मुलाची उंची, वजन, वेग यांची चर्चा घरोघर होते. २०२१ पासून या विद्यार्थ्यांना आपल्या नावावर पैसे मिळविण्याचीही मुभा मिळाली, आणि ‘पूर्वी निष्ठा होती’ हा सूर तेथेही चढला.

आमच्या कोल्हापुरास हे सांगावयास नको. तेथे तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठेपेठेचा मान पणाला लागतो. यंदा या तालमीकडून खेळणारा गडी पुढच्या वर्षी समोरच्या तालमीकडून खेळला, की गल्लीत धरणीकंप होतो. मारतहळ्ळीला नोकरी करणारा कोल्हापूरकर बेंगळूरुच्या वादात तावातावाने पडतो, त्याचे मूळ तेथे आहे.

तथापि या गप्पांत एक जबाबदारीही आहे. आठवण ही तराजूसारखी वापरली, की नव्या मुलाचे पारडे नेहमीच वर जाणार. कारण दुसऱ्या पारड्यात जुन्याचे फक्त उत्तम सामने असतात, त्याने हुकविलेले चेंडू आपण विसरलेले असतो. १९४८ च्या त्या सामन्यात आपण दोन पेनल्टी हुकविल्या होत्या. तरी त्या संघाला आपण प्रेमानेच आठवतो. तेच प्रेम, थोडे आगाऊ, एकोणीस वर्षांच्या मुलाला द्यावयास काय हरकत आहे?

संतोष करंडक कर्नाटकाकडे पुन्हा आला तो चोपन्न वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, रियाध येथे मेघालयाला तीन-दोन असे हरवून. मधल्या चोपन्न वर्षांत किती मुले आली, खेळली आणि विस्मरणात गेली असतील! करंडक त्यांच्या हाती लागला नाही. पण ती मैदानावर उतरत राहिली, म्हणूनच जिंकणाऱ्यांना उभे राहावयास मैदान उरले. जुन्यांची नावे जरूर घ्यावीत, वर्षासकट आणि गोलासकट घ्यावीत; आणि ती नव्या मुलाला ऐकवावीत तर त्याला लाजविण्यासाठी नव्हे, आपण कोणाच्या जागी उभे आहोत हे त्याला कळावे म्हणून.