मावळातील पावसाच्या चित्रफिती आणि परवडणारे संपादन

लोणावळ्याचे धुके, पवना जलाशय आणि भातलावणीची खाचरे यांची दृश्ये जाहिरातींना व माहितीपटांना परवान्याने पुरवता येतात. अशा तयार साठ्यातील चित्रफितीला ‘स्टॉक व्हिडिओ’ म्हणतात. तिच्यावर शीर्षक, संगीत किंवा बोधचिन्ह नको असते, म्हणून कापणी, हादरे कमी करणे आणि रंगदुरुस्ती एवढे संपादन पुरते व त्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरची गरज उरत नाही. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही मुक्तस्रोत, म्हणजे मूळ आज्ञावली सर्वांना खुली असलेली साधने विनामूल्य असून, जुन्या संगणकावर चित्रफितीची हलकी प्रत, म्हणजे ‘प्रॉक्सी’, वापरून त्यांत काम करता येते. रंगकामात मात्र दाविंची रिझॉल्व्ह या संपादन सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती सरस ठरते, कारण पावसाळी ढगाळ उजेडात डोंगराचा हिरवा रंग निळसर पडतो आणि तो नेमका सावरावा लागतो. अंधुक प्रकाशातील दाणेदारपणा घालवण्याची सोय मात्र त्याच्या सशुल्क आवृत्तीतच असल्याने चित्रीकरणाच्या वेळीच पुरेसा उजेड साधणे श्रेयस्कर. काही मोफत ॲप्स दृश्यावर स्वतःची खूण उमटवतात. अशी चित्रफीत विक्रीयोग्य राहत नाही. चित्रीकरणाची जागाही पाहावी: मावळातील लोहगड आणि कार्ले-भाजे लेणी ही केंद्र संरक्षित स्मारके असल्याने तेथील व्यावसायिक चित्रीकरणासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी आधी घ्यावी.