समेची जागा



मी मराठीचा अध्यापक. संगीतातला अधिकारी नव्हे. तरीही आज तालाविषयी बोलण्याचे धाडस करतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचा एक भाग शाळकरी वयात मी याच ग्रंथालयातून घरी नेला होता, हे त्याचे कारण. ज्यांच्या मार्गदर्शनाने १९१८ साली आपल्या ग्वाल्हेरीत माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले, त्यांचीच ही मालिका, मूळ मराठीत लिहिलेली.

त्यातली ताललिपी दिसायला अगदी साधी. समेला फुली, खालीला शून्य, इतर टाळ्यांना आकडे. एका मात्रेत अनेक स्वर आले की त्यांच्याखाली अर्धचंद्र. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी मात्रेच्या अंशांना वेगवेगळी चिन्हे दिली होती. मला भातखंड्यांची पद्धत अधिक सुटसुटीत वाटते. जाणकारांनी क्षमा करावी.

चिन्हे एका संध्याकाळी पाठ झाली. कान तयार व्हायला मात्र वर्षे गेली. माझे मामा तबला वाजवीत आणि गातही. त्यांच्या तोंडच्या बंदिशी वहीत उतरवून घेण्याचा मी सपाटा लावला. चीज जिथे सुरू झाली, तिथे खुशाल फुली मारली. एकदा मामांनी हातावर त्रिताल धरला आणि मला वहीत पाहून म्हणायला लावले. माझी 'सम' आली तेव्हा त्यांचा तळहात उताणा पडला होता!

मध्यलयीतल्या कितीतरी बंदिशी नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून, उठतात. सम येते ती आठ मात्रांनंतर. मामा म्हणाले, "बाळ, पेन्सिल ठेव. आधी डग्गा ऐक." दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमारा थांबतो, चौदाव्या मात्रेला परततो. परतला की तीन मात्रा मोजाव्यात. चौथी ती सम. इतके कळायला मला एक पावसाळा लागला.

हा कान पुढे वर्गातही उपयोगी पडला. भुजंगप्रयाताच्या चरणात बारा अक्षरे, हिशेबाने वीस मात्रा, गणाला पाच. आमची आजी मनाचे श्लोक म्हणे तेव्हा प्रत्येक गणातला शेवटचा गुरू लांबे आणि पाचाच्या सहा मात्रा होत. फळ्यावर मी पाच लिहितो, आणि ऐकताना माझी बोटे अजून सहा मोजतात. छंदःशास्त्र चुकलेले नाही, आजीही चुकलेली नाही.

मामांनी वहीतली बरीच पाने माझ्याकडून दुरुस्त करून घेतली. ते गेले तेव्हा तीन चिजा राहिल्या होत्या. त्यांत शब्द आहेत, स्वर आहेत, मात्राही नीट आहेत, सम नाही. आठ मात्रा सरकवून पाहिल्या. एक चीज बसते असे वाटते, पण दुसऱ्या दिवशी म्हटली की शंका येते. उरलेल्या दोन बसतच नाहीत, कारण सगळ्याच चिजा खालीवरून उठतात असे थोडेच आहे?

ती वही आज मी ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. त्या तीन पानांवरच्या माझ्या फुल्या खोडून ठेवल्या आहेत. आपल्यापैकी कुणाच्या घरी या चिजा म्हटल्या जात असतील, तर त्यांनी यावे आणि सम दाखवावी. पेन्सिल वहीतच आहे.