सुट्टीचे पथ्य

सोमवारपासून शुक्रवारपर्यंत वेळेवर जेवणारा, मोजून खाणारा आणि पहाटे न चुकता फिरावयास जाणारा मनुष्य शनिवारी सकाळी अचानक निराळा कसा होतो, हा प्रश्न वरवर पाहता विनोदी वाटेल. परंतु ज्यांना वैद्याने साखर जपावयास सांगितली आहे, किंवा ज्यांच्या गुडघ्यांनी देहाच्या भाराविरुद्ध तक्रार सुरू केली आहे, त्यांच्या दृष्टीने तो मुळीच विनोदी नाही.

रायपुरातील तात्यापाऱ्याचेच उदाहरण घेऊ. छत्तीसगडीत पारा म्हणजे मोहल्ला. उन्हाळ्यात ४३-४४ अंशांवर चढतो तो पारा वेगळा. तात्यापारा ही मराठी मंडळींची जुनी वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी कुटुंबे या प्रदेशात येत राहिली आणि येताना आपले सणवार व आपले स्वयंपाकघर बरोबर घेऊन आली. छत्तीसगडानेही त्यांना आपल्या चवी दिल्या. त्यामुळे येथील सुट्टीला दोन्हीकडचे जेवण असते. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी श्रीखंड-पुरी, संध्याकाळी चौकात गुपचूप. म्हणजे मुंबईकर ज्याला पाणीपुरी म्हणतो ती. तीजा-पोळ्याच्या दिवसांत शेजारून ठेठरी-खुरमीचे ताट येते, आणि ते परत पाठविण्याची रीत नाही.

पूर्वी असा वार एकच होता. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत १९८५ साली पाच दिवसांचा आठवडा आला, महाराष्ट्र शासनाने तो २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू केला, आणि छत्तीसगड शासनाने २०२२ साली. सुट्टी दुप्पट झाली, तसा पथ्य मोडण्याचा अवकाशही दुप्पट झाला.

मुळात ही सुट्टी कोणी व कोणासाठी मागितली होती, ते आठवावे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा स्थापन केली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले, त्यांत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभे राहणाऱ्या शरीराला ती हवी होती. त्या कामगाराने रविवारी पाय पसरून निजावे आणि एक वेळ गोडधोड खावे, हे न्यायाचेच होते. सहा दिवसांच्या श्रमाने ते आधीच फेडलेले असे. आज कचेरीत पाच दिवस खुर्चीवर बसणारा आपला बाबू त्याच हक्काने रविवारी निजतो व जेवतो. त्याचा मेंदू थकलेला असतो हे खरे, पण शरीर थकलेले नसते, ते आंबलेले असते. आंबलेल्या शरीराला निजवून विश्रांती मिळत नाही, हालचालीने मिळते. सगळा घोटाळा येथे आहे. आपण गिरणी कामगाराची सुट्टी घेतली, पण तिच्यामागचे श्रम घेतले नाहीत.

आता थोडा हिशेब करू. पाच दिवस कोणी रोज ३०० उष्मांक कमी घेतले, तर शुक्रवारी त्याच्या पदरी १,५०० जमा होतात. पुढील दोन दिवसांत रोज ७५० जास्त झाले की जमाखर्च बरोबर. ७५० हा आकडा मोठा वाटतो. परंतु नेहमीच्या जेवणावर चार पुऱ्या आणि वाटीभर श्रीखंड चढविले, की आपण त्याच्या जवळपास येऊन पोहोचतो. आणि ते उतरविण्यासाठी? अर्धा तास झपाट्याने चालल्यास साधारण दीडशे उष्मांक खर्च होतात. व्यायामाने जेवण खोडून काढू म्हणणाऱ्याला तासन्‌तास चालत राहावे लागेल.

शनिवारच्या उपासाविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. मारुतीचा वार, म्हणून अनेक मराठी घरांत उपास असतो, आणि उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचे कूट, त्यावर तूप. एक भरगच्च बशी चारशे-पाचशे उष्मांकांची होते, आणि ती दुसऱ्यांदा भरली जाते. बलोपासनेच्या देवतेपुढे हा नैवेद्य मला नेहमीच थोडा विसंगत वाटत आला आहे. ताक, फळे व मूठभर भाजलेले शेंगदाणे एवढ्यावरही तो वार पाळता येतो.

व्यायामाच्या बाबतीत मात्र सुट्टीवाल्यांना एक चांगली बातमी आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम प्रतीचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो रोज थोडा थोडा केला तरच फळतो असा आपला समज. २०२३ साली ब्रिटनमधील सुमारे ९०,००० लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या हालचाली मनगटावर बांधलेल्या यंत्राने मोजल्या होत्या. ज्यांनी आठवड्याचा बहुतेक व्यायाम एक-दोन दिवसांतच केला होता, त्यांनाही हृदयविकाराच्या बाबतीत रोज करणाऱ्यांसारखाच लाभ झालेला दिसला. ज्याला कामाच्या दिवसांत खरोखरच सवड नाही, त्याला शनिवार-रविवार हे मोडण्याचे नव्हे, कमाईचे दिवस होऊ शकतात. मात्र आठवडाभर बसून रविवारी एकदम धावत सुटू नये. स्नायू हिशेब विसरत नाहीत.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, शाळांतून तो रुजविला, आणि स्वतः नित्य नमस्कार घातले. त्या व्यायामाला ना आखाडा लागतो, ना साहित्य, ना सोबती. चटईएवढी जागा पुरते. शिवाय त्याची वेळ कचेरीच्या घंटेला बांधलेली नाही, सूर्योदयाला बांधलेली आहे. आणि रविवार हा तर रवीचाच वार.

रायपुरात ही वेळ फार महत्त्वाची आहे. वैशाखात आठ वाजता ऊन असे चढते की घराबाहेर पाऊल टाकवत नाही. रविवारी नऊला उठणाऱ्याने फिरणे टाळलेले नसते, ते त्याला शक्यच उरलेले नसते. उठायला उशीर, म्हणून न्याहारी अकराला, जेवण तीनला, रात्री भूक अवेळी, झोप त्याहून अवेळी. आणि सोमवारी शरीर परगावाहून प्रवास करून आल्यासारखे जड. तेव्हा सुट्टीच्या दिवशी एकच गोष्ट सांभाळावयाची असेल, तर मी जेवणाचा पदार्थ सोडून उठण्याची वेळ सांभाळावयास सांगेन. बूढा तलावाकाठी सहाला पोहोचलेल्या मनुष्याने परतताना दोन जिलब्या खाल्ल्या तरी त्याचा दिवस हातचा जात नाही.

सोमवारी काट्यावर उभे राहू नये, हेही सांगून ठेवतो. वाढलेल्या किलो-दीड किलोत बराचसा भाग मीठ व पिष्टाबरोबर साठलेल्या पाण्याचा असतो. तो आकडा पाहून कित्येक जण निराश होतात आणि सारेच सोडून देतात. वजन बुधवारी करावे.

राहता राहिली ती व्यक्ती, जिच्या हातून हे श्रीखंड व या पुऱ्या होतात. कचेरीची सुट्टी दोन दिवसांची झाली तेव्हा तिचे काम दोन दिवसांनी वाढले. घरातील सर्व मंडळी घरी, प्रत्येकाची न्याहारी निराळ्या वेळी, दुपारी पाहुणे. तिचे सकाळचे फिरणे सर्वांत आधी बंद पडते आणि ते बंद पडल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. तिलाही साखर आहे, तिचेही गुडघे दुखतात. रविवारी सकाळचे दडपे पोहे घरातील पुरुषांनी करावेत. त्यांना फोडणीपलीकडे काही शिकावे लागत नाही. आणि दुपारी वरण-भात, एक भाजी व काकडीची कोशिंबीर एवढेच पान मांडले, तर सहा वाजता तलावाकडे निघताना दारात चपलांचे दोन जोड काढता येतील.