ग्रामसभेत विचारलेला प्रश्न आणि शिक्षकाचे उत्तर

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत वाचन, गणित आणि मूल्यमापन या विषयांवर पुरेशी चर्चा झाली आहे. मला दिलेल्या वेळात मी वर्गाबाहेरच्या एका कामाविषयी बोलणार आहे. गावाच्या सभेत लोक शाळेविषयी व वस्तीविषयी जे गाऱ्हाणे मांडतात, त्याचे शिक्षकाने काय करावे, हा तो विषय होय. काम लहान दिसते. परंतु ते न केल्याने मूल शाळेतून कसे नाहीसे होते, हे मी माझ्याच शाळेत पाहिले आहे.

प्रथम थोडे मागे वळून पाहू. नांदेड व लातूर हे आपले दोन्ही जिल्हे १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामी राज्याचे भाग होते. त्या राज्यात 'गश्ती निशान ५३' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हुकुमान्वये पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा भरविता येत नसे. खासगी शाळा उघडावयाची झाली तरी सरकारची परवानगी लागे. म्हणजे चार माणसांनी एकत्र बसून उघडपणे बोलणे आणि मुलांना शिकविणे या दोन्ही गोष्टींवर एकाच राजवटीचा पहारा होता. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या हक्काकरिता तुरुंगवास सोसला, तो सभेचा हक्क आज गावोगाव सर्वांना खुला आहे; आणि आपण मात्र सभेच्या दिवशी, 'आज ग्रामसभा आहे, उगीच अडकून पडू', असे म्हणून लवकरची गाडी धरतो. याचा विचार आपण करावयास हवा.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ सालापासून ग्रामसभेस घटनेत स्थान मिळाले. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक स्त्री-पुरुष ग्रामसभेचा सभासद असतो. आपल्या राज्यात वर्षातून किमान चार ग्रामसभा भरवाव्या लागतात. एकूण मतदारांपैकी शेकडा १५ किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती गणपूर्तीस लागते. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. याखेरीज २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. तेव्हा गावकऱ्यांना बोलावयास जागा नाही, असे आज कोणी म्हणू शकणार नाही. उणीव आहे ती बोललेले ऐकून घेणाऱ्याची आणि ते टिपून ठेवणाऱ्याची.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. तसे गाव आपणांपैकी प्रत्येकाच्या ओळखीचे असेल.

मी त्या वेळी एका लहान शाळेचा मुख्याध्यापक होतो. गावापासून थोड्या अंतरावर एक तांडा होता आणि मध्ये ओढा होता. एका ग्रामसभेत तांड्यावरची एक बाई उठून म्हणाली, "वड्याला पाणी आलं तर लेकरानं कसं यावं, गुरुजी?" प्रश्न मला विचारलेला होता. मी उत्तर दिले, "बाई, हा विषय शाळेचा नाही, बांधकामाचा आहे." उत्तर नियमाला धरून होते. सभेत दोघेचौघे हसले, बाई खाली बसली आणि पुढचा विषय निघाला. इतिवृत्तात त्या प्रश्नाची एक ओळही आली नाही. यावी म्हणून मी सुचविलेही नाही.

त्या पावसाळ्यात तांड्याची मुले आज येत, उद्या येत नसत. हजेरीपटावर मी गैरहजेरीच्या खुणा करीत राहिलो. त्या बाईची मुलगी चौथीत होती. वाचनात ती वर्गात पहिल्या दोघांत असे. श्रावणात तिचे येणे तुटक झाले, भाद्रपदात थांबले, आणि दसऱ्यानंतर आईबापांबरोबर ती ऊसतोडीला गेली. पुढच्या वर्षी पटनोंदणीसाठी मी तांड्यावर गेलो आणि मुलीला शाळेत का पाठविले नाही, असे आईस विचारले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, म्या तं इचारलं होतं की."

बंधुभगिनींनो, सेवेत मला वरिष्ठांचे ज्ञापनही मिळाले आहे आणि शाबासकीही मिळाली आहे. परंतु या एका वाक्याइतके मला कशानेही शिकविले नाही. त्यानंतरच्या ग्रामसभेस मी हजेरीपट घेऊन गेलो. पावसाच्या कोणत्या दिवशी तांड्याची किती मुले गैरहजर होती, ते वाचून दाखविले आणि सचिवांना विनंती करून ठराव लिहून घेतला. तो ठराव पंचायत समितीकडे गेला. पुढे दोन वर्षांनी ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून लहानसा पूल झाला. मुले येऊ लागली. ती मुलगी मात्र पुन्हा आली नाही.

या अनुभवातून मी जी रीत ठरविली, ती आपणांपुढे ठेवतो. तिचे तीन भाग आहेत: सभेपूर्वी, सभेत आणि सभेनंतर.

सभेपूर्वी करावयाचे काम म्हणजे घरोघर जाऊन विचारणे. सभेत जे बोलतात तेवढ्यांनाच अडचणी असतात, असे नाही. पारावर ज्यांचा आवाज चालतो त्यांची गाऱ्हाणी आपोआप पुढे येतात. वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या बाईचे गाऱ्हाणे आपण विचारल्याखेरीज येत नाही. याचे मोठे उदाहरण आपल्याच भागात घडले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली, आणि त्याहून पुष्कळ अधिक गावांत घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे काम निघाले. या दुरुस्तीच्या कामात गावांतील स्त्रियांनाच 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. त्या घरोघर जाऊन माहिती देत, लोकांच्या शंका ऐकत आणि त्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवीत. ज्या बायका सभेत तोंड उघडत नसत, त्या आपल्या उंबऱ्यावर, आपल्यासारख्याच एका बाईजवळ बोलू लागल्या. एवढ्या मोठ्या संकटात जी रीत उपयोगी पडली, ती एका शाळेपुरती आपण का वापरू नये? आपल्या शाळेतील बाईंनी स्त्रियांच्या सभेस अवश्य जावे. मुलींचे स्वच्छतागृह, त्यातील पाणी, शाळेच्या वाटेवरचा दारूचा गुत्ता हे विषय तेथे जितके मोकळेपणाने निघतात, तितके अन्यत्र निघत नाहीत.

दुसरा भाग सभेतला. येथे आपली भूमिका नीट ओळखावी. आपले नाव बहुधा दुसऱ्या गावच्या मतदारयादीत असते. म्हणजे ग्रामसभेचे आपण सभासद नसून गावाने ज्याला विचारावे असे सेवक आहोत. कोणा एका गटाच्या बाजूने बोलू नये. प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू काय, याची चिकित्सा करू नये. प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा आणि 'हे आमचे काम नाही' हे वाक्य तोंडातून काढू नये. काम कोणाचे आहे, ते सांगावे. शिकविणे, शाळेची वेळ, पोषण आहार यांविषयीचा प्रश्न असेल तर उत्तर मुख्याध्यापकाने द्यावे. पिण्याचे पाणी, गटार, शाळेपुढचा उकिरडा यांविषयीचा असेल तर तो ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घेण्यास सुचवावे. वर्गखोली किंवा शिक्षकाचे रिक्त पद यांविषयीचा असेल तर तो पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे न्यावा लागेल, असे स्पष्ट सांगावे. आणि सभा संपण्यापूर्वी सचिवांकडे जाऊन प्रश्न इतिवृत्तात आला की नाही, ते विनयाने पाहावे. बोललेला शब्द सभेबरोबर संपतो. लिहिलेला पुढच्या सभेत वाचून दाखवावा लागतो. इतिवृत्ताचे सारे महत्त्व यात आहे.

तिसरा भाग सभेनंतरचा. बहुतेक ठिकाणी काम येथेच तुटते. शाळेत एक साधी वही ठेवावी. तिच्यात चार रकाने आखावेत: कोणी विचारले, काय विचारले, कोणाकडे पाठविले, काय उत्तर आले. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ही वही वाचावी. मुख्याध्यापक त्या समितीचा सचिव असल्यामुळे हे त्याच्या हातचे आहे. चौथा रकाना रिकामा राहिला तर तसे सांगावे. मंजुरी मिळाली नाही, निधी नाही, विषय प्रलंबित आहे, हेदेखील उत्तरच होय. नकार ऐकून माणूस नाराज होतो, पण पुन्हा प्रयत्न करतो. उत्तरच न मिळालेला माणूस पुढच्या सभेस येत नाही. ग्रामसभा ओस पडतात याची कारणे आपण लोकांच्या उदासीनतेत शोधतो. थोडी आपल्या चौथ्या रकान्यातही शोधावीत.

आपल्या भागापुरती एक गोष्ट विशेष सांगतो. मुखेड, कंधार यांसारख्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलांचा प्रश्न डिसेंबरात काढून उपयोग नाही. तोवर गाड्या निघून गेलेल्या असतात. टोळ्या निघण्यापूर्वीच्या सभेत हा विषय आला पाहिजे. कोणत्या घरची किती मुले जाणार, मागे आजी-आजोबा कोणाकडे आहेत, हंगामी वसतिगृहाची आवश्यकता किती मुलांना आहे, याची यादी आपल्या हाती तयार असावी. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देणे हे शिक्षण हक्क कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. ते कर्तव्य पार पडावयाचे तर पहिली यादी गावात व्हावी लागते, आणि ती करणारा शिक्षकाहून योग्य माणूस गावात नाही.

शेवटी एक अवघड गोष्ट. आपण ग्रामसभा टाळतो याचे खरे कारण कामाचा व्याप हे नव्हे. तेथे कोणीतरी उठून विचारील, "गुरुजी, तुम्ही किती वाजता येता? मुक्कामाला का राहत नाही?" याची आपल्याला धास्ती असते. या प्रश्नास दुसरी बाजूही आहे, हे मी जाणतो. गावात राहण्याजोगी खोली नसते, घरी आजारी माणूस असते, स्वतःच्या मुलांचे शिक्षण शहरात चाललेले असते. काही वेळा विचारणाऱ्याच्या मनात जुना रागही असतो. तरीसुद्धा माझी विनंती अशी की, हा प्रश्नही त्याच वहीत, त्याच चार रकान्यांत लिहावा. उशीर झाला असेल तर झाला म्हणावे. अडचण असेल तर ती सांगावी. स्वतःवरचा आक्षेप जो शिक्षक आपल्या हाताने लिहून ठेवतो, त्याने पाण्याचा किंवा खोलीचा प्रश्न मांडला म्हणजे गाव त्याच्यामागे उभे राहते, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

आपण वर्गात मुलांना सांगतो, 'समजले नाही तर हात वर करून विचारा.' विचारणाऱ्या मुलाला आपण गप्प बसविले तर ते पुन्हा हात वर करीत नाही, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. त्या मुलाची आई ग्रामसभेत उठते तेव्हा तिनेही हातच वर केलेला असतो. पुढची ग्रामसभा आपापल्या गावी केव्हा आहे, ते आजच ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे आणि जाताना वही बरोबर न्यावी. पुढच्या परिषदेत मी आपणांस इतर काही विचारणार नाही; प्रत्येकाची ती वही मात्र पाहीन.