न मोडलेल्या गाडीची दुरुस्ती



मोडलें नाहीं तें दुरुस्त कशाला करावयाचें, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. घरांतील पंखा बंद पडला म्हणजे आपण वायरमनला बोलावतों. तो चालत असतो तोंवर त्याच्याकडे मान वर करून कोणी पाहत नाहीं. पंख्याच्या बाबतींत ही रीत एक वेळ खपेल, कारण तो बंद पडला तर फार तर घाम येईल. परंतु पन्नास-साठ माणसें पोटांत घेऊन भर वस्तींतून जाणाऱ्या बसगाडीला हीच रीत लावली तर काय होईल, याचा विचार आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे. गाडी बिघडण्यापूर्वींच ठरल्या वेळीं तिची तपासणी करणें आणि झिजलेला भाग तुटण्याआधींच बदलणें, या कामाला प्रतिबंधक निगा असें म्हणतां येईल.

मुंबईंत पहिली मोटारबस 15 जुलै 1926 रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धांवली. पुढें 7 ऑगस्ट 1947 रोजीं ट्राम, बस व वीज यांचा सारा कारभार नगरपालिकेकडे आला, आणि 31 मार्च 1964 रोजीं ट्रामनें मुंबईचा निरोप घेतला. ट्राम रुळावरून जाई. तिला खड्डा ठाऊक नव्हता. बसला मात्र रस्ता जें देईल तें सोसावें लागतें. पावसाळ्यांतील पाणी, उन्हाळ्यांतील तापलेलें डांबर, बाराही महिने चालणारें खोदकाम आणि दरवाजाला लोंबकळणारी गर्दी, या साऱ्यांचा हिशेब तिच्या स्प्रिंगा, टायर आणि ब्रेक यांच्यावर मांडला जातो.

हा हिशेब केवढा आहे तें थोड्या अंकगणितानें पाहूं. एक गाडी दिवसाला 150 किलोमीटर चालते आणि वर्षांतून 300 दिवस रस्त्यावर असते असें धरूं. दर अर्ध्या किलोमीटरला एक थांबा धरला तर केवळ थांब्यांसाठीं ती दिवसांतून 300 वेळां आणि वर्षांतून 90,000 वेळां थांबते. सिग्नल, आडवी आलेली रिक्षा, मध्येंच धांवत सुटलेलें पोर, हीं निराळींच. प्रत्येक वेळीं पंधरा टनांच्या आसपासचें वजन ब्रेकांनीं आवरावयाचें असतें. त्या गतीची उष्णता होते आणि ब्रेकचें अस्तर केसभर झिजतें. एका दिवसाची झीज डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणूनच ती मोजावी लागते.

कायद्यानें यासाठीं कांहींच केलें नाहीं असें नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें नव्या सार्वजनिक वाहनाला योग्यतेचा दाखला दोन वर्षांचा मिळतो. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला तो दर दोन वर्षांनीं आणि त्यापुढें दरसाल नवा करून घ्यावा लागतो. पण आतांच मांडलेल्या हिशेबानें दोन वर्षांत ती गाडी 90,000 किलोमीटर चालते. म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालून वर आणखी कांहीं! मी जन्मभर शाळेंत शिकवीत आलों, म्हणून शाळेचाच दाखला देतों. वार्षिक परीक्षा आवश्यक खरी. पण जो विद्यार्थी केवळ परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडतो, त्याला विद्या आली असें आपण म्हणत नाहीं. योग्यतेचा दाखला ही परीक्षा आहे. आगारांतील रोजची तपासणी हा अभ्यास आहे.

हा अभ्यास बहुधा रात्रीं चालतो. आपण निजतों तेव्हां गाडी आगारांत येते, धुतली जाते आणि तपासणीच्या खड्ड्यावर उभी राहते. खालीं उतरलेला कारागीर बत्ती लावून पाहतो: तेल कोठें गळतें काय, स्प्रिंगेचें पान तडकलें आहे काय, सुकाणूच्या सांध्यांत ढिलाई आली आहे काय. चाकाच्या नटांवर तो हातोडी वाजवितो. घट्ट नटाचा आवाज खणखणीत येतो, सैल नटाचा बद्द येतो. टायरच्या खांचा 1.6 मिलिमीटरहून उथळ झाल्या तर कायद्यानेंच तो टायर बाद ठरतो. मागच्या जोडचाकांतील आंतला टायर तर मुद्दाम वांकून पाहावा लागतो. तो बसला असला तरी बाहेरचा टायर भार उचलून धरतो आणि दोष झांकतो. मोठ्या गाडीचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. दमट हवेंतील बाष्पाचें हवेच्या टाकींत पाणी होतें व झडपा गंजतात. म्हणून टाकीच्या तळचा नळ उघडून पाहावा लागतो. ज्या गाड्या सी.एन.जी.वर चालतात त्यांच्या नळकांड्यांत वायूचा दाब बाहेरील हवेच्या सुमारें 200 पट असतो. या नळकांड्यांची चांचणी दर तीन वर्षांनीं व्हावी लागते, आणि सांधे तर त्याहून पुष्कळच वेळां पाहावे लागतात.

यांतील एकही काम कठीण नाहीं. कठीण आहे तें दररोज, न कंटाळतां, कोणी पाहत नसतांना करणें. सकाळीं थांब्यावर रांगा लागलेल्या असतात, वरून फोन येतो, आणि खड्ड्यावरील गाडी आजचा दिवस सोडावी असा मोह होतो. तपासणीच्या कागदावर न पाहतांच खुणा करतां येतात. त्या कागदाला जीभ नसते. आज सोडलेली तपासणी उद्यां कांहीं वाईट करीत नाहीं, परवांही करीत नाहीं. आणि म्हणूनच ती सोडण्याची संवय जडते.

2023 च्या फेब्रुवारींत मुंबईंत सी.एन.जी.वर चालणाऱ्या कांहीं भाड्याच्या गाड्यांना एकामागून एक आगी लागल्या. तेव्हां बेस्टनें त्या प्रकारच्या 400 गाड्या एकदम रस्त्यावरून मागें घेतल्या. कोणाचें चुकलें याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. पण धडा उघड आहे. रोज पाळीनें थोड्या गाड्या तपासणीसाठीं मागें राहिल्या तर प्रवाशाला त्याचा पत्ताही लागत नाहीं. तपासणी संकटानें करावयास लावली म्हणजे मात्र शेंकडों गाड्या एका दिवसांत नाहींशा होतात आणि सारें शहर थांब्यावर ताटकळतें.

आतां पुष्कळ गाड्या ठेकेदारांच्या असतात आणि त्यांना धांवलेल्या किलोमीटरवर पैसे मिळतात. या पद्धतींत खड्ड्यावर उभी असलेली गाडी कांहीं कमावीत नाहीं. म्हणून करारांत तपासणीचे दिवस, राखीव गाड्या आणि पालिकेच्या तज्ज्ञानें न कळवितां येऊन पाहण्याचा अधिकार, या तिन्ही गोष्टी स्पष्ट असाव्या. विजेच्या गाड्या आल्या म्हणून निश्चिंत होण्याचेंही कारण नाहीं. त्यांना इंजिनाचें तेल लागत नाहीं आणि ब्रेकही कमी झिजतात, हें खरें; पण उच्च दाबाच्या तारा, बॅटरी थंड राखणारी व्यवस्था आणि जड वजनाखालचे टायर यांना डोळा लागतोच. शिवाय गाडी निःशब्द झाल्यामुळें जुन्या कारागिराच्या कानाला मिळणारी खबर आतां कमी झाली आहे.

आपण काय करावें? चाकाचा विचित्र आवाज, जळका वास, अर्धवट लागणारा दरवाजा, चालूच न होणारे पावसाळी वायपर, हें आढळल्यास गाडीचा क्रमांक व वेळ टिपून कळवावी. वाहकावर ओरडून कांहीं साधत नाहीं. तो बिचारा त्याच गाडींत बसलेला असतो. नगरसेवकाला आपण नव्या गाड्या किती आणल्या हें विचारतों; आगारांत कारागीर किती, सुटे भाग किती आणि तपासणी चुकलेल्या गाड्या किती, हेंही विचारावें. अंदाजपत्रकांत काटकसर करतांना नव्या गाडीची रक्कम सहसा कापली जात नाहीं, कारण तिला हार घालतां येतो. बदललेल्या ब्रेकच्या अस्तराला कोणी हार घालीत नाहीं.

जो अपघात घडला त्याची बातमी होते. जो टळला त्याची नोंद कोठेंच होत नाहीं. ज्याच्या हातोडीनें तो टळला त्या माणसालाही तें कळत नाहीं. अशा कामाला बाहेरून शाबासकी मिळणें कठीण. निदान त्यासाठीं लागणारा वेळ, माणसें आणि पैसा यांची मागणी तरी आपण नागरिकांनीं करावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.